सुभानजीनं राखलेला बार

मंडळी, आज एक सोपा प्रश्न विचारतो. वाघाच्या शिकारीला जायचं झालं, तर माणसानं अंगात काय घालावं?

हसा, हसा! बुवा देवळात उभे राहून कपड्यांचं काय काढून बसले म्हणताय! अहो, परवा बाजारपेठेत गेलो होतो. एका दुकानात पानापानांच्या छापाची विजार टांगलेली. हिरवी, तपकिरी, मातकट. म्हटलं, "हे काय हो?" दुकानदार म्हणाला, "बुवा, शिकारी लोक घालतात. ही घातली की जंगलात माणूस दिसतच नाही!" वा! बाहेर येऊन बघतो, तर कोपऱ्यावरचा पोरगा तीच विजार घालून दूध आणायला चाललेला! का? तर दुधाच्या पिशवीला चाहूल लागू नये म्हणून!

पण थट्टा सोडा. मोठ्या शिकारीला लपायचे कपडे लागतात का? आणि माणूस लपतो, तो नेमका कुणापासून लपतो? टाळकरी, टाळ खाली ठेवा. हे ऐकण्यासारखं आहे.

सह्याद्रीच्या कुशीत हेदवाडी नावाचं गाव. काळ जुना, संस्थानी. आज शिकारीला बंदी आहे, आणि ती हवीच! पण तेव्हा वाघ गोठ्यात शिरायचा, आणि गावाला स्वतःच उठावं लागायचं. त्या गावात शिकारीचा मान सकपाळांच्या घराकडे. सुभानजी सकपाळ! मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, खांद्याला ठासणीची बंदूक — आणि डोक्याला तांबडंलाल मुंडासं!

हो, तांबडं! एकट्या सुभानजीच्या नाही, हाक्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला. वाघजाईपुढे नारळ फोडायचा, तांबडी मुंडाशी बांधायची आणि रान उठवायला निघायचं. डबे बडवत, आरोळ्या ठोकत माणसं डोंगरावरून खाली यायची. जनावर घळीतून पळायचं. आणि घळीच्या तोंडाशी, ज्याला नाका म्हणतात तिथे, खडकावर सुभानजी बसलेला. एक बार. ठासणीच्या बंदुकीला दुसरा बार नसतो हो! पुन्हा भरेपर्यंत वाघ तुम्हाला भरून घेतो!

या नाक्याचा एक नियम होता. ज्याच्या समोरून जनावर बार न होता सुटलं, त्यानं मुंडासं उतरवून देवीच्या पायाशी ठेवायचं. त्या घराचा नाका संपला. पोराला नाही, नातवाला नाही! आणि सकपाळांच्या घरात हे कधी झालं नव्हतं. सुभानजीला याचा अभिमान किती? चालताना तो आधी दिसायचा, मागून सुभानजी!

त्याला एकच मुलगी, सगुणा. तिचा नवरा जयराम उतेकर, पलटणीत हवालदार. पहिलं महायुद्ध, आपली जुनी माणसं त्याला लाम म्हणायची, त्या लामेवरून जिता परत आलेला गडी! छातीवर बिल्ला! सासुरवाडीला आला तेव्हा सुभानजी वेशीपर्यंत सामोरा गेला. "आमचे जावईबापू!" वाटेतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत होता. समोरच्याला घाई आहे की नाही, कोण बघतो!

आणि त्याच दिवसांत वाघ आला. आधी गुरं नेली. मग रानात गवत कापायला गेलेली एक बाई परत आलीच नाही. गाव हादरलं. गणोजी पाटलांनी हाका पुकारला, आणि हवालदाराच्या हातात मोठ्या कौतुकानं आपली काडतुसांची बंदूक दिली.

जयरामनं काय केलं? बायकोला म्हणाला, "माझे हे पांढरे कपडे हिरड्याच्या सालीत उकळ. चांगले मातकट झाले पाहिजेत." सगुणेनं उकळले. वर चिखल चोळला. खांद्यावर फांद्या बांधल्या. अंगणात उभा राहिला, तर घरचं कुत्रं येऊन झाडापाशी करतात ते करायला लागलं!

सुभानजी ओसरीवरून बघत होता. "जावईबापू, हे काय सोंग?"

"सोंग नाही मामा. लामेवर आम्ही असंच करायचो. तांबडं डोक्याला बांधून तिकडं कुणी उभा राहिला असता, तर दुसऱ्या श्वासाला आडवा झाला असता. जो दिसला तो मेला!"

आता बघा, खोटं बोलत होता का तो? मुळीच नाही! अंगानं भोगून आलेला माणूस. सुभानजीही ते जाणून होता. म्हणाला, "बापू, तिकडं माणसं तुमच्या जिवावर टपलेली होती. इथं माणसं तुमच्या सोबतीला आहेत. वाघाला तांबड्या-हिरव्याचं काय पडलंय? तुम्ही हललात की तो बघतो. आणि वारा तुमच्याकडून गेला, की न बघताच ओळखतो. मुंडासं वाघासाठी नाही बापू, माझ्यासाठी बांधायचं!"

जयराम हसला. म्हाताऱ्याचं म्हणणं मोडवेना आणि पटेना. "मामा, तुम्ही नाक्यावर बसा. मी घळीवरच्या त्या उंबरावर बसेन, जागा सोडणार नाही."

निघताना सगुणा बापाजवळ आली. पोटुशी होती. एवढंच म्हणाली, "आबा, यांच्याकडं लक्ष असू द्या हं."

मंडळी, हाका सुटला! डोंगरमाथ्यावरून आरोळी उठली. डबे वाजले, माकडं खेकसली, मोर ओरडत उडाले! सुभानजी खडकावर बसला, हातातली चिमूटभर माती सोडून वारा बघितला आणि जो स्थिर झाला तो झालाच. डोक्यावर भलंमोठं तांबडं मुंडासं, आणि एक बुलबुल येऊन हाताच्या अंतरावर बसला! त्याला वाटलं, खडकच आहे. याला म्हणतात लपणं! कपड्यानं नाही, मनानं!

वर कारवीच्या दाट रानात तांबडे ठिपके उतरत होते. तो म्हादू, तो रामा, तो पाटलांचा पुतण्या. सुभानजीला सगळं गाव दिसत होतं. नजर उंबराकडे गेली... उंबर रिकामा! की रिकामा नाही? फांदीच्या रंगाचा माणूस फांदीवर असला काय, नसला काय!

तेवढ्यात घळीतली कारवी हलली. आणि तिच्या मागे, थोडी वर, आणखी एकदा हलली. दोन ठिकाणी!

आणि वाघ बाहेर आला. पुरता समोर! छाती उघडी! आयुष्यभर वाट बघावी असा बार! घोडा ओढलेला, बोट चापावर, आणि मागची कारवी अजून हलतेय...

काय असेल ते? दुसरं जनावर? वारा? बाकी सगळे दिसत होते. जावई दिसत नव्हता. म्हणजे जावई कुठंही असू शकत होता! समोरच्या प्रत्येक झुडपात असू शकत होता!

बोला, तुम्ही काय केलं असतंत? समोर बाई खाणारा वाघ. मागे वाडवडिलांचा मान. आणि एक हलणारं झुडूप!

सुभानजीनं चापावरचं बोट काढलं.

वाघ एका झेपेत घळीबाहेर, पलीकडच्या रानात! गेला! आणि त्या मागच्या झुडपातून, वाघाच्या अगदी नेमक्या रेषेत, चिखलानं माखलेला जयराम उभा राहिला. उंबर सोडून पुढे सरकला होता. वाघ आपण पाडायचा, सासऱ्याला दाखवायचं!

सुभानजीनं बघितलं. खडकावरून उतरला आणि चालू लागला.

सांजेला वाघजाईच्या देवळात गाव जमलं. लोक चिडलेले. का चिडू नयेत? बाई गेली होती त्यांची! म्हादू ओरडला, "वाघ हातभर अंतरावरून गेला आणि आजा बघत बसला!" दुसरा म्हणाला, "डोळे गेले म्हाताऱ्याचे!" गणोजी पाटील खाली मान घालून म्हणाले, "सुभानजी, बार का नाही काढलास? काही सांगायचंय?"

काय सांगायचं होतं त्याला? एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं असतं, तर लामेवरून आलेला जावई गावापुढे खाली बघता. आणि पोर तिथंच बायकांत उभी होती.

"काही नाही," सुभानजी म्हणाला. "बार काढला नाही, एवढं खरं."

ताठ पाठीनं देवीपुढे गेला. दोन्ही हात मुंडाशाला लावले. एक वेढा सुटला.

"थांबा!"

जयराम. अंगावर तसाच वाळलेला चिखल. गर्दीतून पुढे आला आणि सासऱ्याचे हात धरले. "मामा, मुंडासं उतरायचं नाही! पाटील, वाघाच्या मागं मी होतो. जागा सोडून आलो होतो. तो बार निघाला असता, तर वाघातून माझ्यात आला असता!"

आणि मग हा पलटणीतला गडी सगळ्या गावादेखत रडला हो! म्हणाला, "जाताना वाघानं मान वळवली मामा. माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. चिखल, फांद्या, कशानं काही झालं नाही. वाघाला मी दिसलो! दिसलो नाही तो फक्त तुम्हाला!"

सगुणा पुढे धावली. "आबा! तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं बाय?" म्हातारा म्हणाला. "तुझं कुंकू जागच्या जागी होतं. आणखी काय पाहिजे होतं मला?"

सुटलेला वेढा गणोजी पाटलांनी आपल्या हातानं परत बांधला. म्हणाले, "सकपाळांच्या घरानं आजवर लई बार काढले. पण आजचा राखलेला बार सगळ्यांत मोठा!" काय छाती फुगली असेल गावाची! मंडळी, ही आपली माणसं! मारून मोठी झालेली जगात पुष्कळ. हात आवरून मोठा झालेला हा हेदवाडीचा सुभानजी!

आणि वाघाचं काय? ते कोण मागं कुजबुजलं? पडला, पडला! पुढच्या हाक्यात, त्याच नाक्यावर, एका बारात. वर कारवीत एक नवं तांबडं मुंडासं सगळ्यांत मोठ्यानं डबा बडवत होतं!

तर आता तुमच्याकडे येतो. लागतात का हो लपायचे कपडे? तुम्हीही घालताच की! मुलगा नापास झाला, घरात हसतोय. बाई आजारी आहे, विचारलं तर म्हणते, काही झालं नाही. कुणी रोज चोरून पितो, आणि बडीशेप खाऊन दारात येतो! कुणापासून लपताय? संकटाला तुमचा वास कधीच लागलाय. काळ मान वळवून बघतोच आहे. आणि देवाला तर आतलं-बाहेरचं सगळं उघडं! तुम्ही दिसेनासे झालात ते फक्त आपल्या माणसांना. आणि ती बिचारी तिकडं जीव मुठीत धरून बसली आहेत. शब्द बोलावा तर तुम्हाला लागेल का, हात पुढे करावा तर कुठं करावा! सगळीच काही सुभानजी नसतात. कुणाचा तरी बार सुटतोच.

मघापासून बघतोय, त्या शेवटच्या खांबाआड कुणी तरी बसलंय. नाव घेत नाही. बापाशी बोलणं टाकलेलं आहे, एवढं गावाला ठाऊक आहे. बाबा रे, तुझा बाप इथं पहिल्या रांगेत बसलाय. अख्खं कीर्तन त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मान वळवून मागंच बघतोय. ऊठ. आरती लागायच्या आधी त्याला दिसू दे.