झोपेचं चूर्ण रात्री नऊला

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर रात्रपाळीचा एक वॉचमन आणि त्याची बायको बसले होते.

"डॉक्टरांना चांगलं खडसावा हं."

"कशाला? पुडीवर स्पष्ट लिहिलं होतं, झोपेचं चूर्ण रात्री नऊला."

"अहो, नऊला तुमची ड्यूटी सुरू होते!"

"शरीराचं घड्याळ पाळा म्हणाले ना ते."

"आणि ताकदीचं सकाळी घेतलंत. झोपायचं सोडून माळा आवरत बसलात."

"घाण झाला होता."

"शेजाऱ्यांचा माळा होता तो! आता गेटवर घोरताना मालकांनी पकडलं. नोकरी गेली म्हणजे?"

"नाही जात. हॉर्न वाजवून दमले, मग म्हणाले, इतकी गाढ झोप लागते तरी कशाने? उरलेल्या पुड्या घेऊन गेले."

"मग आज आपण भांडायला नाही आलो?"

"छे! मालकीणबाईंनीही मागवल्यात."