हजार वर्षांपूर्वीची जपानी

आम्ही मुरुडकडचे. अब्बा बोटीवर होते, जपानच्या बंदरांत जायचे, घरी आले की चार-दोन जपानी शब्द बोलून आम्हाला हसवायचे, तिथून ते वेड लागलं मला. पुण्यात शिकले, मग स्कॉलरशिपवर क्योतोला गेले, आणि शिकले काय, तर हजार वर्षांपूर्वीची जपानी, दरबारातल्या बायकांच्या रोजनिश्या, कविता. आता काय सांगू तुम्हाला, ती भाषा आज जपानातसुद्धा कुणी बोलत नाही. डॉक्टरेट झाली, निकाह झाला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अबुधाबीला आले. इथे ह्या विद्येला कोण विचारतो? घरीच वाचत बसायचे, मुलगी म्हणायची, मम्मा, हू रीड्स दॅट?

शेजारी केरळची एक नर्स राहायची, लिसी. एका दुपारी तिचा हॉस्पिटलमधून फोन, दीदी, जल्दी आओ, जपानी पेशंट है, इंग्लिश नहीं आता. मी म्हटलं, अगं, मेरी जपानी किताबवाली है, तर म्हणते, यल्ला, जल्दी करो, टॅक्सी पकडो.

साइटवर पाइप पडून त्या इंजिनिअरचा पाय चिरडला होता. डॉक्टर म्हणाले, ह्यांना सांगा, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल. आसवांसाठी जुन्या कवितेत किती शब्द आहेत, सगळे येतात मला, पण हे कसं सांगायचं? आणि माझं चुकलं, माणूस भलत्याच गोष्टीला हो म्हणाला, तर? शेवटी लहान मुलाशी बोलावं तसं साधं बोलले, आणि त्याला म्हटलं, काय समजलं ते मला परत सांगा. त्याने बरोबर सांगितलं, पाय जाणार, आणि रडायला लागला. भीतीने मी एक जुनी कविताच म्हणायला लागले, तर तो म्हणतो, बाई, शाळेत ह्याच विषयात मी नापास व्हायचो, कविता नको, हात धरा. धरला. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत धरला.

वाचला तो. कुबड्या घेऊन मायदेशी गेला. तेव्हापासून हॉस्पिटलवाले मलाच बोलावतात, आणि अजून, इतकी वर्षं झाली, फोन वाजला की वाटतं, ह्या वेळी चुकले तर? नवरा म्हणतो, खलास, सोड आता. कसं सोडू? बिस्मिल्ला म्हणते, पर्स उचलते, जाते, घाबरतच जाते. तुमच्या माणसावर परक्या मुलखात असं काही ऐकायची वेळ न येवो, आणि आलीच, तर हात धरायला कुणीतरी असो, इन्शाल्ला.