नवऱ्याले कोणी बोलावलंच नाही

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरनं माझ्या रंजूले फसवलं. हे आधी लिहा, बाकी मग सांगते.

मी मूळची उमरेडकडची. लग्न होऊन शहरात नंदनवन वस्तीत आली, नवरा लवकर गेला, मग ठेल्यावर तर्री-पोहे विकत विकत आज जेवणाच्या ऑर्डरी घेते. भावात मले कोणी वाकवत नाही, अन् तोंड तर माझं तुम्ही ऐकूनच राहिले. पोरगी एकच, रंजू. लग्नानंतर तिच्या अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, म्हणून आम्ही मायलेकी डॉक्टरकडे जायचो. मी खुर्चीवर, ती स्टुलावर, अन् तो बोलायचा माझ्याशीच. गोळ्या द्यायचा, बरं वाटायचं, पुन्हा तेच. काय सांगू तुम्हाले, किती खेपा झाल्या. शेवटी मोठ्या दवाखान्यात म्हणाले, नळ्या बंद झाल्या, मूल होणं कठीण आहे. सासू म्हणे, ने वं तुझी पोर. जावयानं दुसरं घर मांडलं.

आता परवा सदर भागातल्या एका हॉलात डॉक्टर लोकांचं ट्रेनिंग होतं, जेवण माझं. आयोजक म्हणे, काकू, याच भावात गुलाबजामुन टाका. म्हटलं टाकते, मग भाजीतलं पनीर शोधायले भिंग तुम्ही आणा.

मी मागं भांडे मांडून राहिली होती, अन् शिकवणाऱ्या मॅडम सांगून राहिल्या होत्या की बाईसोबतच्या माणसाले आधी बाहेर बसवा, मग तिले एकटीले विचारा, अन् संबंधातून लागलेला आजार असेल तर नवऱ्यालेही औषध द्या, त्याले काही त्रास नसला तरी, नाहीतर तिले पुन्हा पुन्हा होते अन् त्यातूनच नळ्या बंद होतात. मी भांडे तिथंच टाकून पुढं झाली. मग त्यांनी नाटक करायले उठवलं, एक डॉक्टरीण पेशंट, एक तिची माय, अन् डॉक्टर झाला आमच्याच गल्लीतला. म्हणे, आई, तुम्ही जरा बाहेर बसता का. इतकं गोड बोलला. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताट घेऊन तो माझ्यापुढं आला तेव्हा म्हटलं, डॉक्टर, रंजूच्या वेळी मले काहून नाही काढलं बाहेर? खाली पाहून म्हणे, काकू, तेव्हा आम्हाले हे कोणी शिकवलंच नव्हतं, अन् तुम्हालेही वाईट वाटलं असतं. अहो, मी भांडली असती, पण गेली असती न बाहेर.

घरी येऊन रंजूले सांगितलं. पोळ्या लाटून राहिली होती. म्हणे, म्हणजे माझ्या नवऱ्यालेही गोळ्या दिल्या असत्या तर मूल झालं असतं काय वं माय? 

शिकवलं नव्हतं, मानते मी. मग न शिकवता त्याले आमच्या लेकीबाळींपुढं बसवलं कोणी? त्यानं यावं नाहीतर त्याले बसवणाऱ्यानं यावं, अन् जवाब द्यावा. मले नको. तिच्यापुढं बसून तिले द्यावा.