वडाला बांधलेली केबल

वटसावित्रीला मी एकदा नवस बोलले होते. लेकीची पीएचडीची तोंडी परीक्षा नीट व्हावी म्हणून वडाला सुताचं अख्खं रीळ गुंडाळीन. परीक्षा त्याच दुपारी होती. कॉलेजात वेगवान इंटरनेटची नवी केबल येत होती, तिच्यावरूनच लेक दिल्लीच्या प्राध्यापकांना उत्तरं देणार होती.

रीळ संपलं आणि केबलवाला धावत आला.

"अहो भाभीजी, वडाला टांगलेलं आमचं बंडलच बांधून टाकलं तुम्ही! ते जोडल्याशिवाय कॉलेजात नेट नाही."

मी हात जोडले आणि उलटे फेरे घालत सूत सोडू लागले. शेजारच्या काकू ओरडल्या, "काऊन वं, नवस मोडून राहिली का?"

"मोडून नाही काकू, फेडून राहिली!"

लेक पास झाली. बायांनो, यंदा तुम्हीही एक फेरा त्या केबलच्या नावानं घाला. फक्त आधी वडामागं डोकावून बघा.