फ्रेयाचा आकडा

आमच्या कापडे गावच्या काकीला मानलं पाहिजे बुवा! माझा धाकटा भाऊ मुंबईहून आला होता. त्याला भलताच नाद. नॉर्वेकडच्या जुन्या देवांच्या नावांतल्या इंग्रजी अक्षरांच्या अंकांची एकच आकडा उरेपर्यंत बेरीज करून तो त्यांचे आकडे काढतो. ओडिन सहा, थॉर सात. नुकत्याच झालेल्या मुलीसाठी त्याने फ्रेया देवीचं नाव पक्कं केलं होतं. म्हणे, "बेरीज बरोबर एक येते!"

काकी त्याला न्यायला तांदूळ मापत होती. "लाभ, दोन, तीन..."

"काकी, एक राहिला!"

"राहिला नाय रे. पयल्या मापाला आम्ही एक म्हणत नाय, लाभ म्हणतो. तुझी पोर पयलीच हाय ना?"



आता पोरीच्या जन्मदाखल्यावर फ्रेयाच आहे. हाक मात्र भाऊ स्वतःच मारतो, "लाभा!"