एका टाक्याचे चाळीस फोटो

सून : बाबा, हात जरा स्थिर धरा ना.

सासरे : स्थिर धरता आला असता, तर तुझ्या खोलीत कशाला आलो असतो?

सून : झालं. हा चाळिसावा. ठेवा सुई खाली.

सासरे : एका टाक्याला चाळीस फोटो! तुमच्या अख्ख्या लग्नात माझ्या वाट्याला दोन आले. त्यातल्या एकात डोळे मिटलेले.

सून : आता तरी सांगा, घाई कसली आहे? चार वर्षं माझ्या कामाला 'चित्रं नाचवणं' म्हणत होतात.

सासरे : दुकानातली ती मुलगी आहे ना, ऐकू न येणारी. शनिवारी मालक तिच्याकडून कोटाची पाच काजं हातानं करून घेणार आहेत. जमली तर माझी खुर्ची तिची. नाही जमली तर काजं करायचं मशीन येणार.

सून : मग काय? तीन महिने तुम्हीच शिकवताय की तिला.

सासरे : तेच नडलं. ऐकू येत नाही म्हणून ती माझ्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघते. काल माझ्या लक्षात आलं. दोऱ्याचा वेढा घेतला की सुई दोनदा अशी थरथरवते आणि मग ओढते. दर टाक्याला. हे काय गं, म्हणून खूण केली, तर माझ्याच हाताकडे बोट दाखवलं.

सून : अगं बाई! म्हणजे तुमचा कंप...

सासरे : कंपासकट शिकली. बिनचूक! एवढी गुणी विद्यार्थिनी जन्मात मिळाली नव्हती.

सून : मग तिला सांगायचं ना, ते सोडून दे म्हणून.

सासरे : सांगितलं. मान डोलावते बिचारी, पण बोटांना वळण लागलंय. तिला एकदा धड हात दिसायला हवा. तो माझ्याकडे नाही.

सून : आहे. बसा इथे. हे बघा कॉम्प्युटरवर, कापड एकच, खालच्या लेअरवर, म्हणजे थरावर, पक्कं. आता एकेका फोटोतला हात सुईदोऱ्यासकट कापून वरच्या लेअरवर...

सासरे : हळू काप, बाई. उजवा एकच आहे.

सून : वरचा लेअर थोडा पारदर्शक केला की खालचा दिसतो. मग सुईचं टोक बरोबर भोकावर येईपर्यंत हात सरकवायचा.

सासरे : म्हणजे पातळ कागद ठेवून कटिंगचा नमुना उतरवतो तसंच की! एवढंच होतं, तर चार वर्षं सांगितलं का नाहीस?

सून : तुम्ही विचारलंत कधी? धूसर फोटो काढून टाकले, सोळा उरले. एका लेअरची एक फ्रेम. लावू?

(पडद्यावर हात हलू लागतो.)

सासरे : अगं, हा तर उसवतोय!

सून : थांबा, थांबा. पहिला फोटो मी सगळ्यात वर ठेवला आणि हे सॉफ्टवेअर मोजतं खालून. क्रम उलटा पडला.

सासरे : उलटंही ठेव एक. चुकलं तर उसवायचं कसं, तेही लागेल तिला.

सून : हं, हा बघा सुलटा. ...बाबा? वेग कमी करू?

सासरे : नको. हे चपटं नख माझंच ना गं?

सून : हात तुमचाच. मी पदरचं काही घातलं नाही, फक्त कंप काढला.

सासरे : असा स्थिर नऊ वर्षांनी बघतोय ह्याला. ...अरे, पुन्हा सुरू झालं!

सून : आपण थांबवेपर्यंत चालत राहील.

सासरे : सूनबाई, तुझ्या कामाचा मी चुकीचा हिशेब धरला होता.

सून : आणि मी हे टेबल कधी हिशेबात धरलं? तुमचं कटिंगचं. मी ह्या घरात आले, त्याच आठवड्यात न बोलता माझ्या खोलीत आणून ठेवलंत. कात्रीच्या खुणा आहेत अजून. मी एका शब्दानं काही म्हटलं नाही.

सासरे : बरं, आता दोघांचंही म्हणून झालं. पाठव ते लवकर, नाहीतर तू रडशील आणि मी उगाच बदनाम होईन.

सून : पाठवलं. चहा घ्या तोवर.

सासरे : हा दुसरा कप. वाजलं बघ काहीतरी.

सून : तिचाच फोटो आहे. काज केलंय.

सासरे : मोठं कर. अजून. गाठी ओळीत... टाका सारखा... थरथर कुठेच नाही. शनिवार तिचा!

सून : खाली विचारलंय, 'मास्तर, हा हात कुणाचा? फार सुंदर आहे. त्यांना माझे आभार सांगा.' ...काय लिहू, बाबा?

सासरे : लिही, हात मास्तरांचाच आहे. धरून ठेवलाय सूनबाईनं.