ओटीपी यायच्या आधी रुमाल

हसा, हसा! तुमचं काय जातंय हसायला? माझा साखरपुडा चार दिवसांवर आलेला आणि शहाडच्या हॉलवाल्या शांताबाई फोनवर विचारतायत, "काय हो ऋतुराज, त्याच वेळेला एक बारसंपण आहे, तर पाळणा कुठे टांगू?" तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली! कारण त्या हॉलचं बुकिंग अ‍ॅप लिहिलं कोणी? मीच!

त्याचं काय झालेलं, ठाण्याच्या ऑफिसात मी नुकताच असिंक शिकत होतो, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं सांभाळणारा प्रोग्रॅम लिहायला. आमच्या मृणाल मॅडम, एकदम शांत आवाजात, "एका कामापायी बाकीची खोळंबवायची नाहीत, ऋतुराज. एकाचा ओटीपी येईस्तोवर दुसरं गिऱ्हाईक बघायचं. फक्त थांबायचं कुठे, ते कळलं पाहिजे." अहो, तेच तर कळत नाही ना... थांबायचं कुठे?

माझ्या प्रोग्रॅमने बघितलं, तारीख मोकळी? मोकळी! आमचा ओटीपी येईस्तोवर गेला बारशावाल्यांकडे. मोकळी? अजून मोकळीच! घ्या, दोघांनाही दिली! मी एकट्याने, एकाच मोबाईलवर तपासलेलं, मला कसं सापडणार?

सासरे... होणारे, म्हणजे झाले तर... चांगदेवराव, खोपट डेपोचे रिटायर्ड कंडक्टर, घरी येऊन बसले. मागे त्यांची लेक, माझी दर्शना, डोळे भरलेले. "एसटीत जागा कशी धरतात, जावईबापू? आधी खिडकीतनं रुमाल, मग तिकीट! पाहुणे गावाहून निघालेत. सकाळ राहू दे बारशाला, त्याच दिवशी संध्याकाळी हॉल मिळाला तर ठीक, नाहीतर पोरगी देणार नाही!"

बसल्या जागी प्रोग्रॅममध्ये रुमाल घातला की हो! आधी जागा अडवायची, मगच ओटीपी. तपासायला त्या संध्याकाळच्या हॉलवरच टाकून बघितला. टाकला खरा, पण उचलायचा कोणी? ते लिहायलाच विसरलो! सासऱ्यांच्या मोबाईलवर एकच पाटी, "थांबा, दुसरं कोणीतरी बुकिंग करतंय." तासभर! "कोण आहे हा मेला?" मी काय सांगू, मीच तो मेला? गुपचूप उचलला... आणि त्याच क्षणी आंबिवलीहून टपून बसलेल्या कुठल्यातरी सत्कार समितीने आपला टाकला! प्रोग्रॅम पहिल्यांदाच बरोबर चालला हो!

सासरे उठले, चपला घातल्या. संपलं! तेवढ्यात दर्शना कडाडली, "बाबा, बास! आपल्या गच्चीवर करायचं. मला हाच पाहिजे." देवमाणूस हो ती.

म्हणून आज ह्या गच्चीवर. सगळ्या खुर्च्यांवर पाहुण्यांचे रुमाल, आणि माझ्या पाटावर? तिथेही एक, चौकडीचा! अख्ख्या गच्चीला विचारलं, कोणाचा? जो तो आपापल्या खुर्चीवरचा दाखवतोय! मी उचलायला वाकलो, तर सासरे गुरकावले, "हात लावायचा नाही! ज्याने टाकला, तोच उचलणार!"

मुहूर्त टळत चाललाय. दर्शना बसलीये. आणि थांबायचं कुठे, ते मला शेवटी कळलंय. हे काय, इथेच... उभा आहे.